मॅग्नोलियाला कळी आली, असं कळवलं

११ ऑक्टोबर १९६४
आजपासून रोजनिशी, कारण आजपासून आयुष्याला वळण. आमच्या साहेबाची मेमसाहेब कायमची विलायतेला निघाली आणि जाताना कुंडीतलं एक रोप मला देऊन गेली. स्टार मॅग्नोलिया. चांदणीसारखी पांढरी फुलं येतात म्हणे. म्हणाली, याला कडक थंडी लागते, आंबट माती लागते, गोडं पाणी लागतं, आणि अन्वर, दुबईत हे जगायचं नाही. बायकांना उगाच काळजी.

माझ्या बायकोची, बिलकीसची, चार वर्षांपासून एकच अट. दारात फुलाचं झाड असेल त्या घरी येईन, नुसत्या वाळूत येणार नाही. ठीक आहे. मार्चमध्ये फूल, मार्चच्याच बोटीने बिलकीस आणि आमची लेक जुलेखा. प्लॅन पक्का.

१२ ऑक्टोबर
पत्र टाकलं. अंगणात झाड लावलं, असं लिहिलं. (कुंडी अजून साहेबाच्या बंगल्यावर आहे. ती डिटेल झाली.) गावी दाभोळात आमची पत्रं तय्यब मास्तर पडवीत बसून मोठ्याने वाचतात. बिलकीसला वाचता येत नाही, त्यामुळे अख्खा मोहल्ला ऐकतो. म्हणून भाषा जरा भारदस्त ठेवली.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार
कुंडी देऱ्याला, आमच्या खोलीवर आणली. अंगण म्हणजे आमच्या खोलीमागचा बोळ. रूम पार्टनर खैरुद्दीन बाणकोटचा, जीभ कडू. म्हणाला, ही काडी आहे. त्याला काय कळतंय. आमच्याकडे चार पिढ्या माड आहेत. मी स्वतः एकही लावलेला नाही, पण ते रक्तात असतं.

२० ऑक्टोबर
प्रॉब्लेम पाण्याचा. गोडं पाणी गाढवावरून डब्यांनी येतं, प्यायलाच पुरत नाही. विहिरीचं खारट. डोकं चालवलं. नमाजाआधी हातपाय धुतो ते वजूचं पाणी थेट कुंडीत. सवाबाचं पुण्य आणि गार्डनिंग एकदम. खैरुद्दीन म्हणाला, वजूचं पाणीपण विहिरीचंच ना. हा माणूस निगेटिव्ह आहे.

५ नोव्हेंबर
पानांच्या कडा करपल्या. खत कमी पडतंय, दुसरं काय. बाबा माडाच्या बुंध्याशी मीठ आणि सुकी मासळी पुरायचे. माड कसा तरारून यायचा. शेवटी झाड ते झाड. आज शेरभर मीठ आणि दोन ओंजळी मासळी घातली. मेमसाहेबला असलं कुठून ठाऊक असणार.

६ नोव्हेंबर, सकाळ
मांजरं. सात.

२९ नोव्हेंबर
शेवटचं पान गळलं. खैरुद्दीन म्हणाला, खलास. अडाणी. मेमसाहेब स्वतः म्हणाली होती की या झाडाला आधी फुलं येतात, मग पानं. म्हणजे पानं गेली, आता मार्ग मोकळा. बिलकीसला लिहिलं, झाड फुलायच्या तयारीत आहे.

१९ डिसेंबर
थंडी द्यायची म्हणून मासळी बाजारातून बर्फ आणला आणि बुंध्याभोवती रचला. दहा वाजेपर्यंत सगळं पाणी. बर्फाला मासळीचा वास होता. मांजरं अकरा.

१४ जानेवारी १९६५
रोजे चालू आहेत. अल्लाने ऐकलं. टोकाला कळी आली, मेमसाहेबने सांगितलेली तशीच, राखाडी आणि लवदार. आधी पत्र लिहून पाकीट चिकटवलं आणि मग खैरुद्दीनला हात धरून बोळात नेलं. त्याने कळी चिमटीत धरली, काढली आणि फुंकर मारली. मांजराचे केस. पण पाकीट चिकटवून झालं होतं. चिकटवलेलं पाकीट फाडणं बरं दिसत नाही. टाकलं.

४ फेब्रुवारी
ईद झाली. नवा सदरा घालून एकटाच खाडीवर जाऊन बसलो. जुलेखाला चार महिन्यांची सोडून आलो, आता तिला पाचवं लागेल. मला त्या दोघी इथे हव्यात. बाकी काही नको.

संध्याकाळी पत्र लिहिलं. फुलं आली, चौदा. अरब शेजारी बघायला येतात. कळीनंतर फूल आलं नसतं तर मास्तरांना शंका आली असती.

२ मार्च
काडी जरा वाकवून बघितली. मोडली. आत हिरवं काहीच नव्हतं. खैरुद्दीन हसला नाही. चहा करून आणून दिला. ते मला अजिबात आवडलं नाही.

११ मार्च
बिलकीसचं पत्र. अक्षर मास्तरांचं नाही. शेजारच्या हलिमाकडून गुपचूप लिहून घेतलंय आणि बोटीवरच्या एका माणसाच्या हाती पाठवलंय, कारण गावचं पोस्टही मास्तरांकडेच. दोनदा वाचलं.

लिहिते, झाडाची अट खरी नव्हती. नवऱ्याला परत या म्हणून मास्तरांदेखत कसं सांगायचं, म्हणून झाडाचं नाव घेतलं. त्या वाळूत झाड जगणार नाही आणि मी कंटाळून घरी येईन, असं तिला वाटलं. दर पत्राला ती झाड मेल्याचीच वाट बघायची. चौदा फुलं ऐकली तेव्हा समजली की मी आता इथलाच झालो. आता वाट बघत नाही म्हणते. जुलेखाला घेऊन आपल्या भावाबरोबर, अजीजबरोबर, कायमची आफ्रिकेत मोंबासाला चाललीय. अठ्ठावीस तारखेला मुंबईहून बोट.

१२ मार्च
उद्याच्या बोटीला पत्र टाकलं तर वेळेत पोचतं. लिहिलं. बिलकीस, झाड मेलं. केव्हाच मेलं. एवढंच.

मग लक्षात आलं, हे पत्र मास्तरांच्याच हातात पडणार आणि पडवीत वाचलं जाणार. चौदा फुलं. अरब शेजारी. खैरुद्दीन म्हणाला, वाचू दे की. म्हणाला, तार कर. तारही मास्तरच वाचतात. मग म्हणाला, अरे पत्र नि तार कशाला, रजा टाक आणि तूच बस उद्याच्या बोटीत. मी म्हटलं, उतरल्यावर लोक पहिलं फुलांचंच विचारतील, काय सांगू. त्याने दिवा मालवला. सकाळी बघू.

१३ मार्च
आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाडीवर गेलो. पत्र खिशात होतं. पोस्ट उघडं होतं, गर्दीही नव्हती. तासभर उभा होतो.

बोट गेली.