एका जातीला एक बाटली

कोल्हापूर, आषाढ वद्य पंचमी, शके १८३४

तीर्थरूप अण्णांना महादेवीचे शरणार्थ.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. अव्वाचा गुडघा कसा आहे? हे पत्र मात्र तिला वाचून दाखवू नका.

ह्यांना मुंबईच्या एका साहेबांनी काम दिलंय. पन्हाळ्याच्या पठारावर पावसाच्या डबक्यांत सुकटीसारखे बारीक जीव उताणे पोहतात, त्यांच्या जाती लावायच्या. एका जातीला एक बाटली, आत स्पिरिट. स्पिरिट साहेबच पाठवतात, म्हणून माझ्या हिशोबात ते येत नाही, आणि घोर त्याचाच आहे. बाटल्या भरायच्या आधीच ते कमी होतं. हे म्हणतात, "उडून जातं." मग हल्ली पूजेला बसताना तोंडात वेलदोडा कशाला? गळ्यात लिंग असलेला माणूस दारूला शिवेल, हे मनातही आणवत नाही.

काल म्हणाले, "दोन नव्या जाती घावल्या. अजून स्पिरिट मागवतो."

मी भिंगातून पाहिलं. एकीच्या पोटाला अंड्यांची पिशवी, दुसऱ्याच्या डोक्याला चिमटे, आणि त्या चिमट्यांनी तो तिलाच धरून पोहत होता!

म्हटलं, "अहो, ही नवराबायको हाईत की! एकाच बाटलीत राहतील."

"व्हय की!" म्हणत खो खो हसले. वाटलं, मीच उगीच संशय घेतला.

तेवढ्यात म्हणाले, "पण पिल्लांना येगळी बाटली लागंल."

अण्णा, सवड काढून या. जेवायला त्यांच्या अगदी शेजारी बसा.

बसवण्णा सगळ्यांना नीट ठेवो.

तुमची धाकटी,
महादेवी