कॅमेरा चालूच होता

४ मार्च, सकाळ
माझी मागणी मान्य! कारखाना सुरक्षा विधेयकाच्या कमिटीचं कामकाज आजपासून लाइव्ह. कॅमेरा क्षणभरही बंद करायचा नाही, असा ठराव. मांडणारा : मी. पडद्याआडचे उद्योग संपले. ताईला लगेच फोन. कामगारांची पाळी चालू असताना कारखान्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावायला बंदी, हे कलम पास करून घेणारच, असा शब्द दिला. भाऊजी अशाच कुलपामागे जळून गेले, आणि आता भाचा त्याच कारखान्यात. ताई म्हणाली, रोज बघत बसेन.

६ मार्च
कॅमेऱ्यापुढे जो तो भाषण ठोकतो. माघार कोण घेणार? मतदार बघतायत. मालकांच्या बाजूचे म्हणाले, कुलूप चोरी रोखायला लागतं. मी टेबलावर मूठ आपटली. बायको म्हणाली, मूठ छान दिसली, शर्ट बदला. उद्या निळा.

११ मार्च
गाडं अडलंय. अहवाल वेळेत गेला नाही तर विधेयकच बारगळणार. अध्यक्ष हळूच म्हणाले, शेजारच्या खोलीत चहा घेऊ. सपशेल नकार दिला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१२ मार्च, दुपार
चहा घेतला. नुसता चहा. ठराव कुठेही मोडलेला नाही. कॅमेरा चालूच आहे, आमच्या रिकाम्या खोलीत. शेजारच्या खोलीबद्दल ठरावात अवाक्षर नाही. मसुदा माझाच, चोख.

संध्याकाळ
कलम टिकलं! फक्त नव्या कारखान्यांना लागू. जुन्यांना पाच वर्षांची मुदत. भाच्याचा कारखाना जुना, हे दुसऱ्या कपाला आठवलं होतं. पण सगळे इतके खुशीत होते, मोडता कोण घालणार? दगडापेक्षा वीट मऊ. मग कॅमेऱ्यापुढे येऊन रीतसर हात वर केले. एकमत. संपूर्ण पारदर्शक.

१३ मार्च
ताई फोन उचलत नाही. नेटवर्क असेल. संकल्प : पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती आणायचीच.

१५ मार्च
ताईकडे गेलो. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, दुपारभर रिकाम्या खुर्च्या बघितल्या. तुझा चष्मा टेबलावर होता, म्हणून वाटलं, येशील.

भाचा पाळीला निघाला होता. ताईनं त्याच्या पिशवीत डब्याखाली हातोडा ठेवला. कुलूप तोडायला लागला तर. मी मुदतीमागची भूमिका समजावू लागलो. ती पिशवीची चेन लावत राहिली.

कोपऱ्यापर्यंत भाच्याबरोबर चालत गेलो. तिथं त्यानं हातोडा काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, मामा, गेटवर झडती असते, नोकरी जाईल. आईला सांगू नका.

नाही सांगणार, म्हणालो.

हातोडा घरी आणलाय. बायकोनं विचारलं, हा कशाला? मी म्हणालो, काही नाही, असाच.