बरा म्हणायला बंदी

मलकापूर,
९ डिसेंबर १९६६

चि. वैजनाथ यास,
अ. आ. वि. वि.

तीन पत्रं टाकली, उत्तर एकाचंही नाही. शाई संपली की बोटं झिजली? शेवटी आईने बाबांना चोरून शेजारच्या बेबीताईकडून कार्ड लिहवून घेतलं. म्हणते, पोरगा अर्ध्या भाकरीवर उठतो, दिवसभर घरात-अंगणात येरझारा घालतो आणि मैदानाचं नाव काढलं की अंगावर येतो.

उत्तमराव सरांना जाऊन दोन महिने झाले. बाबांचे ते शाळेतले वीस वर्षांचे सोबती आणि तुझे तर कबड्डीतले गुरू. दहाव्या वर्षापासून त्यांनी तुला हाताखाली घेतलं. दुःख होणारच. पण संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी धाड गावाला त्यांच्याच नावाने सामने आहेत, बाबांनी कर्णधार म्हणून तुझं नाव देऊन टाकलंय, आणि तू घरात बसलास. का बसलास ते मला लिही. घरात कुणाला सांगायचं नसेल तर नको सांगूस.

सोनी मामाच्या पाठीवर बसायला टपली आहे. लोभ आहेच, तो जरा कागदावरही उतरू दे.

तुझी,
शैलाक्का

—

अमडापूर,
१४ डिसेंबर १९६६

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

शाई आहे, बोटंही शाबूत आहेत. लिहायला बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जावं ते कळत नाही. हे पत्र चार बैठकांत लिहितोय.

अक्का, माझा दम तुटतो. चढाईला निघालो, मधली रेघ ओलांडली, की चार-पाचदा कबड्डी म्हणेपर्यंत छातीवर कुणी येऊन बसल्यासारखं होतं. पूर्वी मी दोघा-तिघांना शिवून एका दमात हसत परत यायचो. आता एकालाही न शिवता परततो. चिखलीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, काहीच नाही म्हणाले. आईने मारुतीला नारळ फोडला, नजर काढली. मिरच्यांचा ठसका साऱ्या घराला लागला, म्हणजे नजर नव्हतीच.

बाबांचं औषध वेगळं. म्हणतात, दम काय बाजारात मिळते? भाकर खाय आन मैदानात जाय. सरांच्या नावाचा सामना आणि त्यात तू नाहीस, तर मी गावात तोंड कसं दाखवू, असंही म्हणाले. आजकाल ते फार चिडके झालेत.

भाऊजींना विचार ना, मलकापूरच्या एखाद्या कापसाच्या जिनात काही काम मिळेल का? सामन्याआधीच निघावं म्हणतो. मागे बाबांना तू सांभाळून घे.

भाऊजींना नमस्कार, सोनीला पाठ तयार आहे म्हणून सांग. माया आहे ती कमी करू नकोस.

तुझा,
वैजनाथ

—

मलकापूर,
१९ डिसेंबर १९६६

चि. वैजनाथ यास,
अ. आ. वि. वि.

ये की. ओसरीवर खाट टाकून देते. पण तू गाडीत बसलास म्हणून तुझी छाती काही अमडापूरला राहणार नाही, तीही सोबत येईल.

डॉक्टरांना छातीत काही सापडलं नाही, म्हणजे दुखणं मनाचं आहे. त्यात लाजायचं काय? सोनी झाल्यावर मी दोन महिने उगाच रडत होते. सासूबाईंनी मला वेडी ठरवलं नाही, जवळ बसून काय होतंय म्हणून विचारलं. मला काही सांगता आलं नाही, तरी हलकं वाटलं.

म्हणून मीही विचारते. सर गेले तेव्हा तू मैदानावर होतास. त्या दिवसाबद्दल तू कधी अक्षर काढलं नाहीस. काय झालं होतं?

उत्तराची वाट बघते. फार ताणू नकोस.

तुझी,
शैलाक्का

—

अमडापूर,
२४ डिसेंबर १९६६

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू नेमकं तिथेच बोट ठेवलंस.

सरांची एक रीत होती, ती तुम्हा मुलींना माहीत नसेल. खेळाआधी ते आम्हाला रांगेत उभं करून एकेकाला विचारत, आज कसा हायेस बे? बरा म्हणायला बंदी. जो बरा म्हणेल त्याला रांगेबाहेर काढत. म्हणत, बरा तं बैलही असते, तू मनातलं सांग. मग कुणी सांगे बाप मारतो, कुणी सांगे हरायची भीती वाटते. ज्याचं मन जड असेल त्याला त्या दिवशी खेळ नाही. त्याने मैदानावर पाणी शिंपडायचं, आणि त्याला कुणी हसायचं नाही.

त्या दिवशी सरांचा चेहरा राखेसारखा दिसत होता. डावा हात सारखा दाबत होते. मी गमतीने विचारलं, सर, तुमी कसे हा? ते म्हणाले, बरा हाय. बंदीचा शब्द सरांच्याच तोंडून आला म्हणून सगळी पोरं हसली. मीही हसलो. वर हट्ट धरला की आणखी एक डाव घ्या, तुम्ही स्वतः उतरा. ते उतरले. मला धरायला आले आणि रेघेवर खाली बसले, ते उठलेच नाहीत.

मी त्यांना रांगेबाहेर काढायला पाहिजे होतं, अक्का. मीच मारलं त्यांना. आता रेघ ओलांडली की ते तिथे बसलेले दिसतात. मैदानावर उतरून त्यांच्याच नावाचा चषक मी कोणत्या तोंडाने मागू?

हे वाचून झालं की जाळून टाक. अजून तुझा म्हणवून घेतो,

वैजनाथ

—

मलकापूर,
२९ डिसेंबर १९६६

चि. वैजनाथ यास,
अ. आ. वि. वि.

पत्र वाचता वाचता दूध उतू गेलं आणि मी तशीच उभी. जाळणार नाही. तू सरांना मारलं नाहीस. पण हे मी म्हणून तुला पटायचं नाही. सरांच्या घरी जा आणि मनकर्णाबाईंसमोर हेच सगळं सांग. त्या रागावल्या तर रागावू देत, नवरा त्यांचा गेलाय, तो त्यांचा हक्क आहे.

सामन्याचं म्हणशील तर मनाला झेपेल तेच कर. गावाचं तोंड गाव बघेल. बाबा आधी ओरडतील, मग ऐकतील. उलटं त्यांना जमत नाही.

जेवत जा रे. माझा जीव इथे थाऱ्यावर नाही.

तुझी,
शैलाक्का

—

अमडापूर,
१७ जानेवारी १९६७

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

गेलो होतो. मनकर्णाबाई तूर पाखडत होत्या. मी सांगत होतो तोवर सूप थांबलं नाही. मग म्हणाल्या, वर्षापासून छाती दुखे त्याची. डाक्टरनं खेळ बंद कराले सांगतलं होतं. मी रोज विचारो, तो रोज बरा हाय म्हणे. तुह्या वाट्याले एक बरा आला, माह्या वाट्याले वर्षभराचे आले, मंग म्या काय करू सांग. त्यांनी सुपातले खडे रागाने अंगणात भिरकावले. म्हणाल्या, दुनियेले विचारे, सोताचं सांगे नाही, मोठा मास्तर! मग आम्ही दोघंही रडलो.

धाड गावाला मी पोरांना रांगेत उभं केलं आणि एकेकाला विचारलं. शेवटी आपल्या संघातल्या चिंतामणने मला विचारलं. मी म्हणालो, दम तुटते, भेव वाटते, आज मी खेळत नाही. कर्णधारपण त्याला दिलं आणि पाण्याची बादली उचलली. गर्दीतून कुणीतरी बांगड्या भर म्हणून ओरडलं. आपली पोरं हसली नाहीत. सहा गुणांनी हरलो.

बाबा कडेला उभे होते. एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. अमडापूरला उतरल्यावर बोलणी खायची तयारी करून मी सोबत चालत होतो. पण त्यांचा चेहरा बघून राहवलं नाही. विचारलं, बाबा, तुमी कसे हा?

ते रस्त्यातच थांबले आणि सांगू लागले. अक्का, सर गेल्यापासून बाबा नेहमीच्या वाटेने शाळेत जात नाहीत. सरांच्या दारावरून हाक न मारता पुढे जाववत नाही, म्हणून ओढ्याकडून वळसा घालतात. घास उतरत नाही, शिकवताना मधेच डोळे भरतात, मग पोरांकडे पाठ करून फळा पुसत बसतात. मी म्हटलं, मंग घरी सांगतलं काऊन नाही?

भर रस्त्यात धोतराच्या सोग्याने डोळे पुसत म्हणाले, तीन महिन्यांत कोनं विचारलंच नाही मले.

दम अजून आलेला नाही. उद्या सकाळी बाबांसोबत सरांच्या दारावरून शाळेपर्यंत जाणार आहे. मलकापूरचं काम सध्या राहू दे. तू मात्र विचारत राहा.

तुझा,
वैजनाथ