टेबलावरच्या हिरवट डागासंबंधी

मी, जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, हे मृत्युपत्र शुद्धीत व राजीखुशीने लिहीत आहे. अक्कल शाबूत आहे. कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकणारी बायको चार वर्षांपूर्वी गेली.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक मुलाला. तो भुशाच्या फळीवर लॅमिनेट चिकटवतो आणि त्याला फर्निचर म्हणतो. तरी पोटचा आहे.

२. कारखाना, लाखेच्या बरण्या, रंगाच्या पुड्या आणि माझा पॉलिशचा बोळा धाकट्या बहिणीला. मुलाने हरकत घेऊ नये. कारण पुढे देतो.

३. अकरा वर्षांपूर्वी एका शिक्षिकाबाईंचं जेवणाचं टेबल आलं. गरम पातेल्याने पॉलिश उडालं होतं. तेवढा भाग घासून मी रंग जुळवला. कारखान्याच्या खिडकीपुढे कपाट उभं होतं, म्हणून ट्यूबलाइटखालीच जुळवला. तेव्हा माझ्यासोबत काम करणारी बहीण म्हणाली, "दादा, उजेडात नेऊन बघ ना एकदा."

"आता तू मला शिकवणार?" मी म्हणालो.

टेबल बाईंच्या घरी खिडकीपाशी लागलं आणि तो भाग हिरवट दिसू लागला. बाई तक्रार घेऊन आल्या, तेव्हा मी सगळं खापर बहिणीवर फोडलं. "रंग हिने कालवलाय." तिने बोळा खाली ठेवला, हात पुसले आणि ती निघून गेली, ती पुन्हा कारखान्यात आली नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! रंग मीच कालवला होता. तिची नजर माझ्याहून चांगली आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि तेच खुपत होतं. मला त्याची लाज वाटते.

४. ते टेबल मी बाईंकडून विकत घेतलं. रोज त्यावरच जेवतो. तेही बहिणीला. डाग काढायला मला अर्धा दिवस पुरला असता, पण हात लावला नाही. तिने हवं ते करावं.

५. समोरच्या सुताराने नऊ वर्षांपूर्वी नेलेला रंधा त्याचाच समजावा. मागून मागून मी थकलो.

६. मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, हे मला माहीत आहे. कलम तीन मात्र बाई आजच बहिणीकडे जाऊन वाचून दाखवतील.

साक्षीदार :
१. (सही) शिक्षिकाबाई. यांच्यासमोर आळ घेतला, यांच्यासमोरच मागे घेतो.
२. (सही) आमचे डॉक्टर.

(सही) पॉलिशवाला

स्थळ : कारखाना, खिडकीपाशी. कपाट आज हलवलं.
दिनांक : १२ मार्च, सकाळी अकरा. उजेड स्वच्छ आहे.