ओट्याखालचं जहाज

नाना, आज सकाळी ऑफिसला फोन केला, 'अंडर द वेदर' आहे म्हणून सांगितलं आणि लगेच तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी हे शब्द तोंडात आले की भिंगारचं आपलं दोन खोल्यांचं क्वार्टर समोर उभं राहतं.

तुम्ही लष्कराच्या ऑफिसर मेसमध्ये आचारी. एकदा एका साहेबांनी न्याहारी परत पाठवताना हेच शब्द वापरले, आणि अर्थ विचारल्याशिवाय तुम्ही गप्प बसणार थोडेच! घरी येऊन आईला सांगितलंत, "म्हंजे लई आजारी न्हाई, जरा कसंतरी हुतंय. पूर्वी म्हनं जहाजावर खलाशाला बरं वाटंना की त्याला खालच्या मजल्यावर नेत हुते. वारा-पाऊस वर, मानूस खाली, म्हून अंडर द वेदर." समुद्र तुम्ही उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तरी तेव्हापासून घरात कुणाला कणकण आली की सिलिंडर बाजूला सरकवून त्याचं अंथरूण स्वयंपाकघरात, ओट्याखाली. वर आईची भाजी शिजतेय आणि तुम्ही वाकून विचारताय, "काय खलाशी, मऊभात चालंल का?"

मला ते जहाज फार आवडायचं, आणि तुम्ही त्याहून जास्त. पण तुम्ही पहाटे जायचात ते आम्ही झोपल्यावर यायचात. म्हणून तुमच्या सुट्टीच्या मंगळवारी मी काखेत कांदा धरून ताप आणला. तुम्ही कपाळाला हात लावून "लईच तापलीय" म्हणालात. शाळा बुडाली, दिवसभर आपण ओट्याखाली पत्ते खेळलो. मी इतकी खूश होते की काय सांगू.

पुढे माझ्या वाढदिवशी तुमची ड्युटी होती. तुम्ही मेसला निरोप धाडलात आणि ओट्याखाली जाऊन पडलात. मी काळजीने मऊभाताची ताटली घेऊन येते, तुम्ही उठून बसता, आणि तुमच्या सदऱ्यातून एक कांदा घरंगळत माझ्या पायाशी येतो. तुम्ही हळूच म्हणता, "आईला सांगू नको. तुझंबी मी सांगितलं न्हाई."

माझ्या ओट्याखाली आता ट्रॉल्या आहेत. म्हणून जेवणाच्या टेबलाखाली गादी घातलीय, आणि शाळेला सुट्टी असलेली तुमची नात तिथे पत्ते पिसत मला हाका मारतेय. हे पत्र कांद्याच्या टोपलीत ठेवते, दुसरीकडे कुठे टाकणार? आणि नाना, मला आज काहीसुद्धा झालेलं नाही.