मुलींचे मूळ कागद

मी, नीलिमा नामदेवराव सोळुंके, वय ४७ वर्षे, अविवाहित, एका विमा कंपनीत प्रशासन अधिकारी, राहणार बरकतपुरा, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पुढच्या महिन्यात हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, पण लिहायला निमित्त मिळाले. वकिलांनी इंग्रजीत लिहिणे सोयीचे होईल असे सुचवले होते. मात्र वीस-बावीस वर्षे मी रोजनिशी मराठीत लिहीत आले आहे, आणि खरे लिहायची जी काही थोडी सवय आहे ती याच भाषेत आहे.

१. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी माझी भाची स्नेहा (माझा भाऊ प्रमोद याची मुलगी) हिची नेमणूक करते. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठे काढले आहे. अडले तर तिने आईकडून वाचून घ्यावे, वडिलांकडून नको. ते वाचता वाचता दुरुस्त्या सुचवतील.

२. माझ्या आईच्या पाटल्या वंदनावहिनींना, म्हणजे स्नेहाच्या आईला. वडिलांच्या शेवटच्या वर्षी, आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर, त्यांच्या पोटावरची पिशवी बदलायची वेळ झाली की मी औषधे आणायच्या निमित्ताने खाली जात असे. वहिनी तारनाक्याहून दोन बस बदलून येत आणि उभ्या राहत. घरी येणाऱ्या सिस्टर तर वडिलांशी तुरीच्या भावाबद्दल बोलत बोलत जखम धुवून मोकळ्या होत. मी पैसे देऊ शकत होते, ते काम करू शकत नव्हते. वडील गेल्यावर मी नर्सिंगच्या मुलींची फी भरायला लागले त्याची सुरुवात इथे आहे. ती दया होती की आपल्या जागी दुसऱ्या कोणाला उभे करणे होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

३. वडिलांचे मनगटी घड्याळ प्रमोददादाला. ते त्याने २०१३ साली ‘फक्त दुरुस्तीला’ म्हणून नेले आहे, तेव्हा वस्तू द्यायची उरलेली नाही. हक्क तेवढा देते. माझ्या रोजनिशीच्या वह्या स्नेहाने फाडून टाकाव्यात. दादाने त्या वाचू नयेत. त्यात त्याच्याबद्दल वाईट फार कमी आहे, हे त्याला खरे वाटणार नाही.

४. बरकतपुऱ्याचा फ्लॅट माझ्या कमाईचा आहे. तो भाड्याने द्यावा. ते भाडे आणि माझ्या ठेवींचे व्याज यांतून गरजू मुलींच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी, गणवेश, पुस्तके आणि वसतिगृहाचा खर्च करावा. मुलगी कोणत्या जातीची, कोणत्या भाषेची, हे पाहू नये. बारावीचे गुण पाहावेत, पण फार नाही. ज्या सिस्टर वडिलांकडे येत त्यांना गुण विचारायचे माझ्या कधी मनातही आले नव्हते.

५. आजवर माझ्याकडून सात मुली शिकल्या. पहिली मुलगी तीन वर्षे शिकली आणि कोर्स संपल्यावर महिन्याभरात परदेशी नोकरीला गेली. तिने मला कसलेही वचन दिले नव्हते. गृहीत मीच धरले होते. तरी मला लागले. दादा म्हणाला, “पैसे देतेस तर काहीतरी हातात ठेव. दवाखानेवाले ठेवतात, कॉलेजवाले ठेवतात. तूच तेवढी संत लागून गेलीस?” तेव्हापासून मी मुलींकडून लिहून घेऊ लागले की शिकून झाल्यावर दोन वर्षे खेड्यातल्या दवाखान्यात काम करीन. तोवर दहावी-बारावीचे मेमो आणि कोर्सचे मूळ प्रमाणपत्र माझ्या कपाटात. मेमो म्हणजे इकडे गुणपत्रिका. मी स्वतः कोणत्याही खेड्यात सलग आठ दिवस राहिलेले नाही.

६. (हे कलम मी ३ नोव्हेंबरला लिहिले.) माझ्या कपाटात त्रिवेणी आणि ललिता या दोघींचे मूळ कागद आहेत. माझ्या मृत्यूनंतर स्नेहाने ते त्यांचे त्यांना द्यावेत. तसेच मल्लेश्वरी हिला पुढील मजकूर तिच्या भाषेत समजावून सांगावा.

मल्लेश्वरी ही मी फी भरलेली दुसरी मुलगी. तिचे तालुक्याच्या दवाखान्यातले एकवीस महिने झाले होते तेव्हा तिची सरकारी नोकरीसाठी निवड झाली. स्नेहाच्या लग्नासाठी मी पुण्याला होते. तिचा फोन आला.

“मॅडम, कल वेरिफिकेशन है. ओरिजिनल होना. कपाट की चावी किसके पास है?”

“मेरे पासिच है, पुणे में.”

“ताला तोडूं क्या? मिस्त्री को मैं लाती.”

“नक्को. तेरे दो साल भी कहां हुए?”

“तीनिच महिने बाकी हैं जी. भागके किधर जाती मैं?”

चावी माझ्याकडे नव्हती. शेजारच्या शर्वरीताईंकडे होती, झाडांना पाणी घालायला म्हणून. एक फोन पुरला असता. दुसऱ्या दिवशी मल्लेश्वरी झेरॉक्स घेऊन गेली आणि त्यांनी तिला परत पाठवले. जागा पुढच्या नावाला गेली. त्यानंतर तिने दोनदा परीक्षा दिली, गुण पुरले नाहीत. आज ती खासगी दवाखान्यात बारा तासांची ड्यूटी करते. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी लिहिले आहे, ‘चावी जवळ नसल्याने इलाज नव्हता.’ वहीलाही मी खोटेच सांगितले.

७. कलम ६ मी आता खोडत आहे. त्याचे कारण लिहिते.

हा मसुदा मी स्नेहाला वाचायला दिला. तिने बोट फिरवत फिरवत वाचला. सहाव्या कलमापाशी थांबून म्हणाली, “आत्या, एक डाउट आहे. ऑपरेशन सक्सेस झालं तर या दोघींनी काय करायचं?”

“म्हणजे?”

“म्हणजे तू वाचलीस की यांचे पेपर अडकले. आणि त्या मल्लेश्वरीला कळणार कधी? तू नव्वद वर्षं जगलीस तर ती रिटायर होईल ना!”

मी आधी हसले. मग हसू आवरले. कागद माझे नव्हते, म्हणून ते मृत्युपत्रात घालायचा मला अधिकारच नव्हता, आणि कबुली अशी लिहिली होती की ऐकणारीच्या समोर मी नसावे.

दुसऱ्या दिवशी त्रिवेणी आणि ललिताला बोलावले. त्रिवेणी नारायणखेडकडची, मराठी बोलणारी. पाकीट हातात दिले तर तिचा चेहरा उतरला.

“मॅडम, माझं काय चुकलं का? मी काम सोडलं नाही हो. सरपंचाला विचारा पाहिजे तर.”

कागद परत मिळणे ही शिक्षाच असणार, असे तिला वाटले. इतक्या वर्षांत मी काय शिकवले ते मला त्या एका वाक्यात कळले. तुझे काही चुकले नाही, आणि काम करायचे की सोडायचे हे आता तुझे तू ठरव, असे मी सांगितले. ललिताने तिथेच सांगून टाकले की ती डिसेंबरात सोडणार आहे. त्रिवेणी पाकिटातले कागद एकेक मोजून घेत होती.

मल्लेश्वरी रविवारी दुपारी ड्यूटीवरून आली. गणवेशावर स्वेटर होता. मी चहा न ठेवता आधी सांगितले, कारण चहा झाला असता तर पुन्हा धीर झाला नसता. चावी कुठे होती, मी काय म्हणाले, का म्हणाले. ती ऐकत राहिली. मग तिने कपाटाकडे पाहिले.

“और किसके हैं अंदर?”

“किसी के नहीं. परसों दे दिए.”

“पक्का?”

मी कपाट उघडून दाखवले. तिने खालचा खणही ओढून पाहिला. मी म्हटले, हा फ्लॅट मी तुझ्या नावाने करते.

“मेरेकू घर नक्को, मॅडम. उस दिन मेमो होना था.” मग म्हणाली, “घर लेके क्या बोलूं मैं सबको? मॅडम की गलती में रहती बोलके?”

जाताना तिने माझ्या गोळ्यांची पट्टी पाहिली, एक गोळी जेवणाआधी घ्यायची आहे हे सांगितले आणि गेली. तिने मला माफ केले असा अर्थ यातून कोणी काढू नये. मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. ती नर्स आहे, तिने पट्टी पाहिली, एवढेच.

८. म्हणून कलम ४ मधल्या निधीबाबत पुढील सूचना बंधनकारक आहे. कोणत्याही मुलीकडून सेवेची अट, हमीपत्र किंवा मूळ कागद घेऊ नये. झेरॉक्स मूळ प्रतीशी ताडून पाहावी आणि मूळ प्रत त्याच बैठकीत परत द्यावी. शिकून मुलगी परदेशी गेली, लग्न करून घरी बसली किंवा नर्सिंग सोडून दुसरे काही करू लागली, तरी तिला फोन करून कारण विचारू नये. दादा म्हणेल, यात लोक फसवतील. काही फसवतील. तो खर्च निधीने सोसावा.

९. हे मृत्युपत्र मी पूर्ण वाचले आहे. कलम ६ आडव्या रेघेने खोडले आहे, पण खालचे अक्षर वाचता येईल असे ठेवले आहे. तिथे माझी व साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. साक्षीदारांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. सही करण्याआधी मी दोघांसमोर कपाट उघडले. त्यात माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाच्या नावाचा एकही कागद नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांची सही त्यालाही आहे.

ठिकाण: बरकतपुरा, हैदराबाद
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) नीलिमा नामदेवराव सोळुंके

नीलिमा सोळुंके यांनी आमच्या समक्ष व आम्ही त्यांच्या समक्ष सही केली:

साक्षीदार १: (सही) शर्वरी देशमुख, शेजारी, बरकतपुरा. चावी माझ्याकडेच होती.
साक्षीदार २: (सही) गौतम कांबळे, कार्यालयातील सहकारी, गौलीगुडा. कपाट पाहिले.