आत्याबाईची गाणी खाली केली

१० एप्रिल
शाळेचे मेल येणं बंद. आमच्या दोघांच्या एकाच खात्यात जागाच उरली नाही म्हणे. मधल्या सुट्टीत घरी फोन लावला. यांना म्हटलं, "आत्याबाईची गाणी तेवढी खाली करून ठेवा, बाकीचा पसारा मी पाहते." हे लगेच "हो" म्हणाले. तेव्हाच शंका यायला पाहिजे होती.

११ एप्रिल
गाणी खात्यात नाहीत, मोबाईलातही नाहीत. विचारलं तर हे निवांत चहा पिऊन राह्यले.
"तूच म्हनली खाली कर. केलं खाली. कचरापेटी बी साफ केली, त्याबिगर जागा होत नाही."
मी म्हणत होते खाली म्हणजे वरून खाली, मोबाईलवर. शाळेत आम्ही सगळे तसंच म्हणतो. यांचा जन्म गेला रिसोडच्या मार्केटात, अडत्याकडे सोयाबीनच्या गाड्या खाली करून घेण्यात. खाली म्हणजे रिकामी. मराठी दोघांचंही बरोबर.
"मग तुमचे गुड मॉर्निंग कायले ठेवले?"
"ते तू सांगतलंच नाही."
राग आला. भाजीत मीठ जास्त पडलं, तसंच वाढलं.

१४ एप्रिल
जयंतीला केनवडला, माहेरी. वंदना झाली, मिरवणूक निघाली. दरवर्षी पहिलं गाणं आत्याबाईचं. मागच्या साली घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढलं. आज बायांमध्ये उभी राहून नुसते ओठ हलवत होती. मला बघवलं नाही.
ऑपरेशनच्या आधी मला बोलावून तिने येत होती नव्हती तेवढी गाणी म्हटली होती. मी मोबाईलवर घेतली, मग खात्यात चढवली. दुसरीकडे कुठेच नाहीत. नातीची, पिंकीची हळद २६ला. मंडपात आपलाच आवाज लावायचा, हे तिने ठरवून टाकलंय. निघताना माझ्या पर्सकडे बोट, मग कानाकडे. आणशील ना? मी मान हलवली. सांगणं झालं नाही.

१६ एप्रिल
खात्याच्या कंपनीला लिहिलं, पुसलेली गाणी परत मिळतील का. उत्तर: प्रयत्न करू, खात्री देता येत नाही.
आत्याबाईच्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरही असंच बोलले होते.

२१ एप्रिल
फाइली परत येणार तोच थांबल्या. जागा नाही! रिकामी झालेली जागा यांच्या मोबाईलने आपोआप भरून टाकली. मार्केटातले व्हिडिओ. पोत्यांचे.
संध्याकाळी हे स्वतः बसले पुसायला. दर व्हिडिओला मला हाक.
"हे खाली करू काय?"
"पुसू म्हणा."
"पुसू काय?"
"पुसा."
गुड मॉर्निंगही पुसले सगळे. गुलाबांवर दोनदा थांबले, मग पुसले. माझा राग तिथेच गेला. त्यांना सांगितलं नाही.

२५ एप्रिल
केनवड. उद्या हळद. एकच फाइल आली आहे, अगदी लहान. बाकीच्या "परत आणत आहोत".
आधी आत्याबाईला सगळं खरं सांगितलं. ती यांच्याकडे पाहत राहिली. हे जमिनीकडे. मग फाइल लावली. गाणं नाहीच. गाण्याच्या आधीचं.
"थांब वं पोरी, खाकरू दे... झालं काय चालू? काहून हासून राह्यली? तू हासली का मले बी हासू येते..." आणि खाकरणं. तिथेच संपलं.
आत्याबाईने गळ्यावरच्या फडक्यावर हात ठेवला. बोट फिरवलं, परत लाव. परत लावलं. अजून एकदा. मग मंडपाच्या स्पीकरकडे बोट.
पिंकी म्हणाली, "आजी, हे गानं कुठं हाये, हे तं नुसतं बोलनं हाये."
आत्याबाईने जोरात मान हलवली. हेच.
गाणी तर दुसऱ्या बायाही म्हणतील उद्या. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी आत जाऊन रडून घेतलं.
हे बाहेर जीपच्या टपावर मोबाईल ठेवून उभे आहेत, तिथे रेंज येते म्हणे. मघाशी विचारलं, आलं का काही? म्हणाले, ते चाक अजून फिरून राह्यलं.